कूलर आले की

होळीची राख अजून चौकात असते
आणि बर्डीच्या मागच्या गल्लीत टेम्पो येऊन उभा राहतो :
पत्र्याचे कूलर, खसच्या ताट्या, पंपांची खोकी.
त्यांना जागा लागते.
म्हणून दिवे उतरतात.

दिवाळीत ज्यांना बोट लावलं तरी पोरगा ओरडायचा
ती झुंबरं, ते भिंतीवरचे पितळी दिवे
आता कांद्यासारखे खाली ओतलेले,
वर पुठ्ठा, स्केचपेनची अक्षरं :
साठ टक्के सूट. वापसी नाही.

हा आठवडा मी कुणाला सांगत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत मी फुटल्या काचेची वही ठेवते,
कोणती बीकर, कोणता वर्ग, किती वसूल.
हुडकेश्वरला घर घेतलं त्याला चौदा महिने झाले.
छताला सहा भोकं,
प्रत्येकातून दोन वायरी, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली.
होल्डर लोंबतो, त्यात नऊ वॅटचा बल्ब.
आई म्हणते, उजेड तं पडतेच न.
पडतो.
पण तो कुठून पडतो
तिकडे मान वर करून बघावं, असं काही नाही.

हा पाच कमळांचा. याला मी ओळखते.
बसथांब्यावरून दिसायचा, भर दुपारी पेटलेला,
दुकानाच्या काचेआड, कुणाच्याच घरी नसल्यासारखा.
आता एक कमळ नाही. साखळीवर धूळ.
‘बाराशे.’
‘बम महाग सांगता भाऊ. फुटका आहे हा.’
‘फुटका आहे म्हणून तं देऊन राहिलो, ताई. साबूत असता तं तुमच्या हाती लागला असता का?’
यावर मला काही सुचलं नाही.
तरी पन्नास कमी केले त्याने,
आणि वर चार बल्ब.
पाचवा मागितला नाही मी. ठेवणार कुठे?

ऑटोत खोकं मांडीवर.
सक्करदऱ्याला एक बाई सरकून बसल्या,
कूलर घेतला का वो एवढासा?
नाही, दिवा.
उन्हाळ्यात?
हाव.

गणवीर वायरमन आला रात्री साडेआठला,
स्टुलावर चढून म्हणाला, हूक वजन घेईल, बिलाचं तुम्ही पाहा.
तो गेल्यावर मी ओल्या फडक्याने पुसायला बसले
आणि किमतीचा कागद नखाखाली आला.
अकराशे पन्नास. त्याखाली दोन हजार.
त्याखाली बत्तीसशे, गुलाबी, कुठल्यातरी दसऱ्याची.
त्याखाली साडेचार हजार, छापील.
आणि सगळ्यांच्या तळाशी, पितळेवरच, पेन्सिलने :
बुक. दुरुगकर. अक्षय तृतीयेला नेतील.
पुढे फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे पुसले गेलेले.

नेला नाही.
कोणती अक्षय तृतीया, ते लिहिलेलं नाही.
हप्ता अडला असेल,
छत झालंच नसेल,
किंवा दुसऱ्या दुकानात दुसरा आवडला असेल, एवढंच.
मी साडेचार हजारांचा कागद तेवढा
परत लावला, जरा तिरपा,
नाव झाकेल असा.

आईने शेजारच्या कुंभलकर काकूंना बोलावून दाखवला.
‘केवढ्याचा?’
आईने चष्मा कपाळावर घेतला, कागद वाचला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, साडेचार.
काकूंनी मान वर केली, बराच वेळ केली.
मी चहा ठेवायला आत गेले.

दोन आकडे नाहीत म्हणजे
शंभर नंबर होतात.
शंभरातलं एक घर.
परवा वहीच्या मागच्या पानावर
शून्य शून्यपासून लिहायला घेतले,
सतराला थांबले.
वर चार कमळं पेटलेली होती
आणि पाचव्या जागेवरून
फिरकीचा नुसता पितळी गळा
माझ्या पानावर गोल सावली पाडत होता.